विश्लेषण : मोबाइलवरील शर्यतीत मागची गाडी अचानक पुढे कशी येते?

गंगाखेडच्या बसस्थानकावर एसटीची वाट पाहणाऱ्या मुलांच्या मोबाइलवर मोटारींची शर्यत रंगली, की एक तक्रार हमखास ऐकू येते : दोन फेऱ्या पुढे होतो, शेवटच्या वळणावर गाडी जराशी घसरली आणि मागची गाडी कुठून आली कळलेच नाही. ही तक्रार अनेकदा खरी असते. समोरचा प्रतिस्पर्धी माणूस नसतो आणि त्याचा वेग खेळणाऱ्याकडे पाहून ठरवलेला असतो.

संगणकाची गाडी चालते कशी?

‘अटारी’ने १९७४ मध्ये आणलेल्या ‘ग्रॅन ट्रॅक १०’ या गेममध्ये प्रतिस्पर्धीच नव्हता. स्पर्धा घड्याळाशी होती. ‘नाम्को’च्या १९८२ मधील ‘पोल पोझिशन’मध्ये रस्त्यावर संगणकाच्या गाड्या दिसू लागल्या. अशा गाडीला रस्ता ‘दिसत’ नाही. ट्रॅकवर खेळाडूला न दिसणारी ठिपक्यांची रेघ आखलेली असते. कोणत्या ठिपक्यापाशी किती वेग हवा, हे आधीच नोंदवलेले असते. गाडी पुढच्या ठिपक्याकडे स्टिअरिंग वळवते, वळण जवळ आले की ब्रेक लावते. आडवे कोणी आले तर तात्पुरती रेघ सोडते.

‘रबर बँड’ म्हणजे काय?

या मूळ वेगावर आणखी एक हिशेब चढवला जातो. खेळाडू आणि संगणकाची गाडी यांच्यातील अंतर सतत मोजले जाते. खेळाडू फार पुढे गेला की मागच्या गाडीचा वेग वाढतो. तो मागे पडला की पुढची गाडी हळू होते. दोन्ही गाड्या जणू रबराने बांधलेल्या असतात, म्हणून हे नाव. काही गेममध्ये हा वेग त्या गाडीच्या इंजिनाला एरवी झेपणार नाही इतका असतो. ‘निन्टेन्डो’च्या ‘मारिओ कार्ट’ मालिकेत हीच कल्पना उघडपणे वापरली जाते. मागे असलेल्याला अधिक प्रभावी साधने मिळतात, पुढच्याला किरकोळ.

गेम बनवणारे असे का करतात?

एकट्याने पुढे धावण्यात मजा नाही आणि एका चुकीमुळे कायमचे मागे पडण्यातही नाही. नवखा आणि सराईत असे दोघे एकच गेम विकत घेतात. दोघांनाही चुरस वाटावी यासाठीचा हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे. करमणूक म्हणून त्यात गैर काही नाही.

मग आक्षेप कशाला?

कारण मेहनतीचा हिशेब बिघडतो. पहिल्या दोन फेऱ्या कितीही सफाईने चालवल्या, तरी आघाडी टिकू दिली जात नाही. निकाल शेवटच्या काही सेकंदांवर येतो. शंकरपटात एखाद्या जोडीला मोजण्याचे घड्याळ दुसरीपेक्षा हळू चालवले, तर पटावर भांडण होईल. मोबाइलवर घड्याळ दिसतच नाही, म्हणून भांडण होत नाही. चांगले खेळून उपयोग नाही, हे ओळखलेला मुलगा मुद्दाम मागे राहतो आणि शेवटी वेग घेतो. तो गाडी चालवायला नव्हे, यंत्राला फसवायला शिकतो.

प्रामाणिक प्रतिस्पर्धी शक्य आहे का?

आहे. ‘फोर्झा’ मालिकेतील ‘ड्रायव्हटार’ खऱ्या खेळाडूंच्या चालवण्याच्या सवयींवरून शिकतो. ‘रिअल रेसिंग ३’ने २०१३ मध्ये इतरांच्या नोंदवलेल्या वेळांशी शर्यत लावण्याची सोय दिली. सर्वांत मोठी झेप ‘सोनी एआय’च्या ‘ग्रॅन टुरिस्मो सोफी’ची. एक हजाराहून अधिक प्लेस्टेशन ४ यंत्रांवर चुका करत ती शिकली. धडक दिली की गुण कापले जात, त्यामुळे वेगाबरोबर शिष्टाचारही आला. जुलै २०२१ मध्ये ती जपानमधील अव्वल खेळाडूंच्या संघाकडून हरली, ऑक्टोबरमध्ये जिंकली. फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत हे संशोधन प्रसिद्ध झाले. तिच्या गाडीला कोणताही गुप्त जादा वेग नव्हता.

पैशांचा संबंध कुठे येतो?

अनेक मोबाइल गेम फुकट मिळतात आणि आतल्या खरेदीवर चालतात. थोडक्यात हरल्यानंतर लगेच ‘इंजिन सुधारा’ अशी पाटी आली, तर हार कौशल्याची होती की ठरवलेली, हे मुलाला आणि पैसे भरणाऱ्या पालकाला कळत नाही. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने मंजूर केलेल्या ऑनलाइन गेमिंग कायद्याने पैसे लावून खेळल्या जाणाऱ्या गेमवर बंदी आणली. आतली खरेदी हा मात्र वेगळा विषय आहे. ग्राहकांना भुलवणाऱ्या १३ ऑनलाइन क्लृप्त्यांची यादी केंद्राने नोव्हेंबर २०२३ मध्ये जाहीर केली. तिच्यात खोटी घाई दाखवण्याचा समावेश आहे, प्रतिस्पर्ध्याचा वेग गुपचूप बदलण्याचा स्वतंत्र उल्लेख नाही. ‘हा प्रतिस्पर्धी संगणक आहे’ आणि ‘त्याचा वेग तुमच्यानुसार बदलतो’ या दोन ओळी पडद्यावर लिहायला खर्च येत नाही. निदान खरेदी असलेल्या गेमना तरी त्या सक्तीच्या हव्यात.

खेळाडूने कसे ओळखावे?

एकच शर्यत दोनदा खेळावी. एकदा पूर्ण वेगात, दुसऱ्यांदा मध्येच गाडी दहा सेकंद उभी करून. दोन्ही वेळा संगणकाच्या गाडीने फेरीला किती सेकंद घेतले ते पाहावे. तुम्ही थांबल्यावर तिचा वेळही बराच वाढला, तर रबर बँड आहे असे समजावे. काही गेममध्ये ही सोय सेटिंगमधून बंद करता येते. बंद करून हरलात तरी चालेल, ती हार तुमची स्वतःची असेल आणि पुढचा विजयही.