चार टक्के कुणासाठी?

नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरच्या तूरडाळीला 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. जवानाच्या शिध्यात डाळ रोज लागते. मग नवापूर-विसरवाडीच्या छोट्या डाळमिलवाल्याने लष्करी पुरवठ्याची निविदा का भरू नये? नियम त्याच्या बाजूचे आहेत. केंद्राच्या 2012 च्या खरेदी धोरणानुसार सरकारी खात्यांनी वर्षाच्या खरेदीपैकी किमान 25 टक्के खरेदी सूक्ष्म व लघुउद्योगांकडून करायची आहे. त्यातले 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या उद्योजकांचे. शस्त्रास्त्रे यातून वगळली आहेत, डाळ वगळलेली नाही. आदिवासीबहुल नंदुरबारसाठी याहून मोलाची तरतूद कोणती? तरी देशभरात हे 4 टक्के वर्षानुवर्षे भरत नाहीत.

घोडे कुठे अडते? समजा, मोठ्या मिलचा सर्वांत कमी भाव किलोला 100 रुपये निघाला आणि आपल्या मिलने 112 भरला. फरक 15 टक्क्यांच्या आत असल्याने 100 रुपयांत माल द्यायची तयारी असेल, तर खरेदीचा 25 टक्क्यांपर्यंत हिस्सा लहान उद्योगांना मिळू शकतो. पण ते 12 रुपये कुठून सोडायचे? हंगामात तूर भरून ठेवायला मोठ्या मिलकडे भांडवल असते, छोट्या मिलवाल्याकडे नसते. बयाणा माफ आहे, पण काम मिळाल्यावरची अनामत सुटत नाही. अनुभव आणि उलाढालीच्या अटी शिथिल करता येतात, मात्र ते खरेदी अधिकाऱ्याच्या मर्जीवर. बिल 45 दिवसांत न मिळाल्यास बँक दराच्या तिप्पट चक्रवाढ व्याज मागता येते. पुढची ऑर्डर ज्याच्या हातात, त्याच्याविरुद्ध तक्रार कोण करणार?

माझ्या मते खरा दोष निविदेच्या आकाराचा आहे. सगळा माल एकाच पुरवठादाराकडून मागितला की लहान मिल दारातच थांबते. ट्रकभर मालाच्या निविदा काढा, ती नक्की उतरेल.

संधी डाळीपुरतीच नाही. सुरतेहून नंदुरबारवरून जाणारी रेल्वे भुसावळला पोहोचते. तिथे आयुध निर्माणी आहे, जवळच वरणगावला दुसरी. या कारखान्यांनाही गोळाबारुदापलीकडचे कितीतरी किरकोळ सामान लागते. जिल्हा उद्योग केंद्राने तिथल्या खरेदी अधिकाऱ्यांना नंदुरबारला बोलवावे, कोणता माल कोणत्या दर्जाचा लागतो ते उद्योजकांसमोर मांडायला लावावे आणि ‘उद्यम’ ही लघुउद्योग म्हणून नोंदणी व ‘जेम’ या सरकारी खरेदीच्या पोर्टलवरची नोंदणी जागच्या जागी करून द्यावी.

पालकमंत्र्यांनी जिल्हा नियोजन समितीच्या पुढच्या बैठकीत एकच आकडा मागावा: या जिल्ह्यातल्या आदिवासी उद्योजकांना गेल्या वर्षी संरक्षण खात्याकडून किती रुपयांचे काम मिळाले?