मंडळाची सतरंजी

शहरांत सभा आणि मंडळें यांची वाण नाहीं. त्यांचीं संमेलनें गाजतात, अध्यक्षांचीं भाषणें छापून निघतात. परंतु नागपुराहून छिंदवाड्याकडे जाणाऱ्या सडकेवरील सावनेर आणि त्याच्या भोंवतालचीं संत्र्याकपाशीचीं गांवें येथें जें मंडळ आढळतें, त्याचें वृत्त सहसा कोणी छापीत नाहीं. एक सतरंजी, दोन खंजिऱ्या, एक पेटी, पंगतीस लागणारे मोठे गंज व पराती आणि जमाखर्चाची एक वही, एवढाच बहुधा त्याचा संसार. विदर्भांत अशीं जीं मंडळें गांवोगांव पसरलीं, त्यांपैकीं पुष्कळांचें मूळ राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांच्या श्रीगुरुदेव सेवा मंडळांत आहे.

महाराजांचा जन्म १९०९ सालचा, अमरावती जिल्ह्यांतील यावलीचा. १९३५ मध्यें त्यांनीं मोझरीस गुरुकुंज आश्रम स्थापिला, १९४२ च्या चळवळींत नागपूर व रायपूर येथील तुरुंगवास भोगिला, आणि १९५५ सालीं ‘ग्रामगीता’ प्रसिद्ध केली. तिचे अध्याय एकेचाळीस. त्यांत ग्रामशुद्धि, ग्रामआरोग्य, महिलोन्नति अशा विषयांस स्वतंत्र स्थान आहे. १९६८ सालीं महाराज निवर्तले. मंडळें मात्र राहिलीं.

या मंडळाचें खरें काम भजनापासून सुरू होतें असें वरवर पाहणारास वाटेल. आमचे मतें तें सतरंजीपासून सुरू होतें. सायंकाळच्या सामुदायिक प्रार्थनेस सर्वांनीं रांगेनें, शांतपणें, एकाच बैठकीवर बसावयाचें. ज्या सतरंजीवर शेतमालक बसतो तिच्याच दुसऱ्या टोंकास त्याचा सालदार बसतो. कोणी कोठें बसावें हें जातीवरून ठरत नाहीं. हें लिहावयास सोपें आहे. पण आपल्या वाचकांच्या घरांतील वडीलधाऱ्या मंडळींस विचारून पहावें. अनेक सुशिक्षित घरांनीं गांवच्या मंडळास वर्गणी मोकळ्या हातानें दिली, उत्सवास धान्य पाठविलें, पण सतरंजीवर बसण्याची वेळ आली म्हणजे ओसरीवरूनच नमस्कार केला. अस्पृश्यता १९५० पासून राज्यघटनेनें नष्ट झाली खरी. ओसरी आणि सतरंजी यांमधलें अंतर कायद्यानें मोजतां येत नाहीं.

प्रार्थनेवांचूनचीं कामें पाहिलीं तर तीं अगदीं घरगुती असतात. रस्ते झाडणें, नाल्या मोकळ्या करणें, रात्रीं-अपरात्रीं कोणाकडे मृत्यु झाला तर लांकडें आणि खांदेकरी जमविणें. मंडळाचे गंज-पराती गरिबाच्या लग्नास नाममात्र भाड्यानें किंवा फुकट मिळतात. नेतांना मोजून न्यावयाचीं, घांसून मोजून परत करावयाचीं. (एका हरवलेल्या झाऱ्यावरून जेवढा वाद होतो तेवढा शंभर रुपयांच्या तुटीवरून होत नाहीं, हें ज्यांनीं मोठीं कुटुंबें चालविलीं आहेत त्यांस सांगावयास नको.) पंगतीचें निवडणेंटिपणें आणि रांधणें बहुधा स्त्रियांच्या हातीं असतें, कार्यकारिणींत मात्र त्यांचीं नांवें शोधावीं लागतात. ‘महिलोन्नति’ हा अध्याय वाचणाऱ्या मंडळास हें शोभत नाहीं.

राज्य सरकारनें २००० सालीं संत गाडगेबाबांच्या नांवानें ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलें, त्यानें पुष्कळ गांवांचा कायापालट झाला. परंतु तपासणीच्या दिवसापुरता हातीं घेतलेला खराटा निराळा आणि बक्षीस नसतांना उचललेला निराळा. मंडळाचें मोल या दुसऱ्या खराट्यांत आहे.

मंडळ मोडतें तें देवाधर्मावरून नव्हे, हिशेबावरून. वही एकाच्या पेटींत, रोकड दुसऱ्याच्या कनवटीस, आणि मंडळ काढणारा गृहस्थ थकला कीं दोन्हींचा पत्ता नाहीं. १८६० च्या कायद्यान्वयें सात माणसें एकत्र येऊन संस्था नोंदवूं शकतात. पुढें १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त कायद्यान्वयें धर्मादाय कार्यालयांतील नोंद, वार्षिक हिशेबाची तपासणी आणि विश्वस्त बदलल्यास त्याची वर्दी, हे सोपस्कार पाळावे लागतात. शेतांतून संध्याकाळीं परतणाऱ्या माणसास हे कागद डोंगराएवढे वाटतात. मग निवडणुकीच्या सुमारास कोणी पुढारी येतो, कागदांचें बघतों म्हणतो, एक भलामोठा ध्वनिवर्धक भेट देतो, आणि पुढल्या वर्षीं मंडळाचीं दोन मंडळें झालेलीं असतात. ध्वनिवर्धकाइतकी अपायकारक देणगी आम्हांस दुसरी ठाऊक नाहीं.

ज्या कुटुंबांचे वाडे सावनेरकडल्या गांवीं आहेत आणि बिऱ्हाडें नागपुरांत किंवा पुण्यांत, त्यांच्याकडून मंडळें बहुधा पैशाचीच अपेक्षा करतात, आणि तीं कुटुंबेंही संगमरवरी पाटीवर आजोबांचें नांव कोरून घेऊन मोकळीं होतात. त्याहून उपयोगाचें असें कीं, घरांतील वाणिज्य शिकलेल्या सुनेनें किंवा लेकीनें वर्षांतून दोनदां जाऊन ती वही नीट लावून द्यावी आणि गांवांतील एखाद्या मुलीस ती लिहावयास शिकवावी. त्या मुक्कामांत सायंकाळीं सर्वांनीं प्रार्थनेस बसावें, आणि सतरंजीवर बसावें. वाड्याची एखादी कोरडी खोली रिकामी असेल तर मंडळाचे गंज तींत ठेवूं द्यावे. किल्ली मात्र मंडळाकडे असावी.