बंद इंजिन कोणतं?

व्हायव्हात विचारतात, "रिडंडन्सी म्हणजे काय?" आपण ठोकून देतो, "एक बंद पडलं तर दुसरं." मित्रांनो, हे उत्तर अर्धंच आहे.

दोन इंजिनांचं छोटं ट्रेनिंग विमान घ्या. एक इंजिन गेलं की ताकद निम्मी होते, पण वर चढण्याची क्षमता सुमारे ८० टक्के घटते. कारण नुसतं सरळ उडायलाच बरीच ताकद लागते. चढायचं ते उरलेल्या शिलकीवर. त्यात चालू इंजिन विमानाला बंद बाजूकडे वळवतं. वेग फार कमी झाला तर रडरही पुरत नाही, विमान उलटू शकतं.

म्हणून इन्स्ट्रक्टर मुद्दाम एक थ्रॉटल मागे ओढतो. विद्यार्थ्याने रडर दाबून नाक सरळ ठेवायचं. जो पाय मोकळा, त्या बाजूचं इंजिन बंद. पण घाई नाही! आधी त्याचा थ्रॉटल मागे घेऊन बघायचं. काहीच फरक पडला नाही, तरच प्रोपेलरची पाती वाऱ्याला समांतर करायची.

४ फेब्रुवारी २०१५ ला तैपेईत ट्रान्सएशियाच्या एटीआर विमानाच्या उजव्या इंजिनाने टेकऑफनंतर ताकद देणं थांबवलं. पायलटने बंद केलं ते चांगलं चाललेलं डावं! ५८ पैकी ४३ जण गेले.

दुसरं इंजिन होतं की! कमी पडली ती खात्री करून घेण्याची सवय. लॅबमध्ये सर्किट चाललं नाही की हाताला येईल ती वायर उपटणाऱ्या आपण सगळ्यांनी ही सवय आत्ताच लावून घ्यावी, असं मला मनापासून वाटतं.