किक मारू नका, हे सांगताना कोणाची जीभ झडली असती?

२२ जुलै २०२१ रोजी वाशिष्ठी आणि शिव या नद्यांनी मिळून चिपळूण बुडवले. बाजारपेठेत पाणी पहिल्या मजल्याला टेकले आणि दारात उभ्या असलेल्या दुचाक्या गाळासकट तळाला गेल्या. पुराने काय नेले याचे पंचनामे पुष्कळ झाले. पण पाणी ओसरल्यानंतर, उन्हात, कोरड्या रस्त्यावर जी इंजिने मेली, ती नदीने मारली नाहीत. ज्यांचे काम बोलायचे होते त्यांच्या मौनाने ती मारली.

पाणी उतरल्यावर माणूस चिखलातून गाडी ओढून काढतो, फडक्याने पुसतो आणि किक मारतो. दूध घालणारा, गवंडी, लोट्याच्या एमआयडीसीत पाळीला जाणारा कामगार दुसरे काय करणार? ज्या वाडीत एसटी दिवसातून दोनदा येते, तिथे त्याचे पोट त्या दोन चाकांवर चालते. आणि नेमका इथेच घात होतो. हवा दाबली जाते, पाणी दाबले जात नाही. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवले की पिस्टन अडतो. थोडे पाणी राहून इंजिन पेटलेच, तर कनेक्टिंग रॉड वाकतो. त्यातून वाचले तर ऑइलमध्ये कालवलेला गाळ बेअरिंग खाऊन टाकतो. मग इंजिन खोलावे लागते आणि महिन्याची कमाई त्यात जाते.

हे टाळायला लागते काय? चावी लावायची नाही, बॅटरीची वायर काढायची. प्लग काढून किक हाताने सावकाश दाबायची, की पाणी प्लगच्या भोकातून बाहेर उडते. खालचा नट सोडला की दुधाळ चहाच्या रंगाचे ऑइल गळू लागते. ते सगळे जाऊ द्यायचे, नवे ओतायचे, प्लग लावण्याआधी टाकी आणि कार्बोरेटर रिकामे करायचे, एअर फिल्टर वाळवायचा. मग थोडा वेळ इंजिन चालवून ते ऑइलही फेकायचे, आणि ऑइल स्वच्छ दिसेपर्यंत हे करत राहायचे. टाकीतले पेट्रोल वाचवण्याचा मोह धरायचा नाही, कारण त्यातले इथेनॉल पाणी ओढून घेते आणि प्रमाण वाढले की त्या पाण्यासकट तळाशी बसते. इंजिनाला पहिला घोट तोच मिळतो. गॅरेजमधल्या पोराला हे तोंडपाठ आहे. मग जिल्ह्याच्या कारभाऱ्यांना का नाही?

२६ जुलै २००५ च्या पुरातही चिपळूण बुडाले होते. त्याच वर्षी डिसेंबरात आपत्ती व्यवस्थापन कायदा झाला. त्या कायद्याने जिल्हाधिकाऱ्याला जिल्हा प्राधिकरणाचे अध्यक्ष केले आणि लोकांना शहाणे करण्याचे काम त्या प्राधिकरणावर टाकले. दरवर्षी पावसाळ्यापूर्वी आढावा बैठका होतात, मोबाइलवर इशारे येतात. त्या इशाऱ्याखाली ‘बुडालेली गाडी सुरू करू नका’ ही एक ओळ घालायला कोणता निधी लागतो? कोणत्या मंत्रालयाची मंजुरी लागते? हा निष्काळजीपणा आहे, आणि आम्ही त्याला दुसरे सौम्य नाव देणार नाही!

विमा कंपन्यांचे वर्तन तर याहून निंद्य आहे. सर्वसमावेशक पॉलिसीत पुराचे नुकसान धरलेले असते. पण पाणी शिरलेले इंजिन मालकाने सुरू केले, की ते नुकसान पुराचे नव्हे, पुढच्या कृतीचे, असे सांगून इंजिनाचा दावा फेटाळायला त्या मोकळ्या. हे कलम इंग्रजीत, बारीक अक्षरात, आणि विकत घेणारा खेडचा नाहीतर गुहागरचा माणूस! हप्ता घेताना ज्याला एक वाक्य मराठीत सांगितले नाही, त्याला सर्व्हेअर दारात उभा राहून विचारतो, “किक मारली होती का?” तो खरे बोलतो आणि खरे बोलल्याबद्दल बुडतो. ज्याच्याकडे फक्त थर्ड पार्टी विमा आहे, त्याला तर पुराचा एक पैसाही मिळत नाही, आणि कायद्याने सक्ती तेवढ्याचीच आहे.

३ ऑगस्ट २०२१ रोजी राज्य सरकारने ११,५०० कोटींचे पॅकेज जाहीर केले. दुकानाला मदत, टपरीला मदत. ती रास्तच होती. पण ज्या दुचाकीवर माणूस कामाला जातो, ती सरकारच्या लेखी उपजीविकेचे साधन का नाही?

आमची मागणी स्वच्छ आहे. जगबुडी, वाशिष्ठी, काजळी, अर्जुना यांच्या काठच्या प्रत्येक ग्रामपंचायतीच्या फळ्यावर बुडालेली गाडी वाचवण्याची ही कृती ३१ मेच्या आत मराठीत लागली पाहिजे. पाणी ओसरताच सरकारी आयटीआयची मुले ऑइलचे डबे आणि पाने घेऊन वाड्यावाड्यांत गेली पाहिजेत, आणि त्यांचा खर्च जिल्ह्याने उचलला पाहिजे. विमा नियामकाने पूरग्रस्त तालुक्यांत किक मारल्याच्या सबबीवर दावा फेटाळण्यास बंदी घातली पाहिजे. आणि मदतीच्या पंचनाम्यात दुचाकीचा रकाना येईपर्यंत रत्नागिरीच्या एकाही आमदाराने विधानसभेत स्वस्थ बसता कामा नये.