डब्याबरोबर पुस्तक

मधल्या सुटीला आमच्या लहानपणीं दोनच कामें असत: डबा संपविणें आणि धांवणें. आतां धांवावयास पटांगण पुरत नाहीं, आणि डबा संपल्यावर मुलें जिन्यांत बसून एकमेकांच्या खोड्या काढीत राहतात. करंजाडे येथील एका शाळेंत गेल्या जूनपासून आठवड्यांतून दोन दिवस ह्याच वेळांत मी पांचवी ते आठवीच्या मुलांचें वाचनमंडळ चालवितें. त्याविषयीं लिहावें असें दोघीतिघी भगिनींनीं सुचविल्यावरून ह्या महिन्याचें पान त्यास देत आहें. त्यांत माझी एक चूकहि सांगावयाची आहे.

करंजाडे हें पनवेलच्या शेजारचें जुनें गांव. सिडकोनें तेथें नवी वसाहत उभारली. इमारतींतून सातारकर, जळगांवकर व उत्तरेकडील बिऱ्हाडें, मूळ गांवांत आगरी घराणीं, आणि नव्या विमानतळासाठीं ज्यांस आपलीं गांवें सोडावीं लागलीं अशांपैकीं कांहीं कुटुंबें. तो विमानतळ २०२५ सालच्या अखेरीस सुरू झाला. एकाच वर्गांत चार तऱ्हांचें मराठी कानीं पडतें.

सुटी अर्ध्या तासाची. पहिल्या आठवड्यांत मुलें जेवतां जेवतांच पुस्तकें चाळूं लागलीं व आमच्या कपाटांतील चार चांगल्या पुस्तकांवर लिंबाच्या लोणच्याचे डाग पडले. सासूबाई तीं पाहून एक शब्दहि बोलल्या नाहींत. दुसऱ्या दिवशीं मात्र जुन्या लुगड्याचीं वेष्टणें शिवून पुढें ठेवलीं. तेव्हांपासून रीत अशी बसली कीं, मी घरून जेवून जावें, मुलांनीं जेवावें आणि मीं मोठ्यानें वाचावें. हात धुतल्यावांचून पुस्तकास कोणीं शिवावयाचें नाहीं. (सोंवळें म्हणतात तें ह्याहून फारसें निराळें नसावें!)

पुस्तक निवडतांना 'श्यामची आई' घेतलें. साने गुरुजींनीं तें १९३३ सालीं नाशिकच्या तुरुंगांत लिहावयास घेतलें. त्याचीं प्रकरणें म्हणजे बेचाळीस रात्रीं सांगितलेल्या कथा आहेत, आणि बहुतेक प्रत्येक कथा एका बैठकींत संपते. मधल्या सुटीस हें फार सोयीचें. श्याम पोहावयास जाण्याची टाळाटाळ करतो आणि आई त्याला मारून पाठविते, तो प्रसंग वाचला त्या दिवशीं घंटा झालेली कोणास कळली नाहीं. सातवीची एक मुलगी म्हणाली, आईनें मारावयास नको होतें. दुसरी म्हणाली, माझी आई मारीत नाहीं, पण पोहण्याच्या वर्गाची फी भरली आहे म्हणून रोज ऐकविते. त्यापेक्षां मार बरा!

आतां चुकीकडे वळतें. आमचे मामंजी निवृत्त शिक्षक. त्यांचें म्हणणें, प्रश्न विचारल्यावांचून मुलांस काय समजलें तें कसें कळणार? मलाहि तें पटलें. मीं वह्या आणविल्या, तात्पर्य लिहावयास सांगूं लागलें, आणि प्रत्येकानें पाळीपाळीनें एक परिच्छेद मोठ्यानें वाचावा असा नियम केला. महिन्याभरांत बावीसांचीं सात मुलें उरलीं. न येणाऱ्यांत विस्थापित कुटुंबांतील सातवीचा एक मुलगा होता. त्याची पाळी आली तेव्हां एका जोडाक्षरापाशीं तो अडला, पुन्हां अडला. कोणी तरी हंसलें. पुढच्या खेपेपासून तो नळाजवळ एकटा डबा खातांना दिसूं लागला. मीं जाऊन विचारलें तेव्हां, आपणांस वाचतां येत नाहीं, एवढेंच खालीं पाहून म्हणाला. तें त्यानें सर्वांपासून लपवून ठेविलें होतें, आणि मीं तें चव्हाट्यावर आणलें होतें.

वह्या बंद केल्या. दानिएल पेनाक ह्या फ्रेंच शिक्षक-लेखकानें १९९२ च्या आपल्या पुस्तकांत वाचकाचे दहा हक्क सांगितले आहेत, आणि त्यांतील पहिला हक्क न वाचण्याचा! मामंजींस हें धाष्टर्य वाटतें. मलाहि तें सर्वस्वीं मान्य नाहीं; अभ्यासाच्या पुस्तकांस हा हक्क लावला तर शाळा कशा चालाव्या? परंतु डब्याच्या वेळेपुरता तो मीं मुलांस दिला.

तो मुलगा हळूहळू दारापर्यंत येऊन उभा राहूं लागला. एके दिवशीं पुन्हां पोहण्याचा विषय निघाला, तेव्हां तेथूनच त्यानें सांगावयास आरंभ केला: त्याच्या जुन्या गांवीं पोरें खाडींत कशीं पोहावयास शिकत, पाठीला रिकामा डबा कोण बांधी, भरतीचें पाणी कसें ओळखावें. सारें आगरी बोलींत, न अडखळतां, घंटा होईपर्यंत.

त्या रात्रीं मीं तें आठवून त्याच्याच शब्दांत मोठ्या अक्षरांत लिहून काढलें. न्यूझीलंडमध्यें सिल्व्हिया ॲश्टन-वॉर्नर ह्या शिक्षिकेनें माओरी मुलांस त्यांच्याच शब्दांवरून वाचावयास शिकविलें व १९६३ सालीं त्यावर पुस्तक लिहिलें. तें वाचल्याचें ऐनवेळीं उपयोगीं पडलें. कागद मीं एकांतांत त्याच्या हातीं दिला. शब्दाखालीं बोट ठेवून त्यानें तो वाचला; 'भरती' ह्या शब्दापाशीं अडला नाहीं, मीं लिहिलेल्या दोन शब्दांपाशीं मात्र थांबून, "आम्ही असें बोलत नाहीं," म्हणाला. मीं ते खोडून त्याचे घातले.

सध्यां मंडळांत चौदा मुलें आहेत, म्हणजे आरंभींच्या बावीसांहून कमीच. बालभारतीच्या 'किशोर' मासिकाचे जुने अंक सर्वांत अधिक मागितले जातात. मामंजींनीं आपली तक्रार मागें घेतलेली नाहीं. परंतु माळ्यावरची त्यांची लांकडी पेटी झाडून घेऊन पुस्तकें ठेवावयास दिली आहे, आणि कडी त्यांनींच बसविली.

गेल्या मंगळवारीं तो मुलगा आजीला वाचून दाखवितों म्हणून आपला कागद घरीं घेऊन गेला. अजून त्यानें तो परत आणलेला नाहीं, आणि मींहि मागितलेला नाहीं.