विमा ब्रोकर कोणाचा?

म्हैसूर संस्थानाने १८९१ साली, चामराजेंद्र वडियार यांच्या कारकिर्दीत, आपल्या सरकारी नोकरांसाठी आयुर्विम्याची योजना सुरू केली. कर्नाटक शासनाचे विमा खाते हा तिचाच वारसा होय. नोकर सरकारचा आणि विमाही सरकारचाच असल्यामुळे तेथे मध्यस्थाची गरज भासली नाही. त्याच शहरातील आजच्या छोट्या उद्योजकाची स्थिती मात्र निराळी आहे.

उदाहरणादाखल अगरबत्तीचा एखादा कारखाना घ्यावा. बँक दहा लाखांचे कर्ज मंजूर करते, तारण मालाचा विमा मागते आणि विम्याची रक्कम कर्जाइतकीच लिहिली जाते. दसऱ्यापूर्वी मात्र बांबूच्या काड्या, कोळशाची भुकटी, सुगंधी तेले व तयार माल मिळून गोदामात वीस लाखांचा साठा असतो. आग लागून चार लाखांचे नुकसान झाले, तर विमा दहा लाखांचा असूनही हाती दोनच लाख पडू शकतात. कारण निम्म्या किमतीचा विमा म्हणजे निम्मी भरपाई, असे पॉलिसीतील ‘ॲव्हरेज’चे कलम सांगते. सूक्ष्म उद्योगांसाठी १ एप्रिल २०२१ पासून आलेल्या ‘भारत सूक्ष्म उद्यम सुरक्षा’ पॉलिसीत पंधरा टक्क्यांपर्यंतची तूट माफ असते. येथे तूट पन्नास टक्के आहे.

हे कोणी सांगावयास हवे होते? विमा एजंट हा कंपनीचा प्रतिनिधी असतो. बँकही विमा विकते तेव्हा ठराविक कंपन्यांची एजंट असते, हे बँकेच्याच पत्रिकेने स्पष्ट सांगावे हे बरे. ब्रोकर मात्र ग्राहकाचा प्रतिनिधी. भारतात त्याला २००२ च्या विनियमांनी रीतसर स्थान मिळाले. मराठीत ‘दलाल’ हा शब्द बदनाम झाल्यामुळे असेल, पण लहान व्यावसायिक अजून त्याच्याकडे वळत नाही. त्याचे कमिशनही विमा कंपनीच देते, ही या व्यवस्थेतील खरी उणीव आहे. म्हणून ते किती आहे, हे विचारण्यात संकोच नसावा.

विमा नियामक प्राधिकरणाच्या नोंदणी यादीत ब्रोकरचे नाव पाहून मगच त्याला लेखी अधिकारपत्र द्यावे. एकाहून अधिक कंपन्यांचे दर व अटी त्याच्याकडून लेखी मागाव्यात. गोदाम न पाहता केवळ दूरध्वनीवरून विम्याची रक्कम सुचवणारा ब्रोकर फारसा उपयोगाचा नाही. मालकानेही वर्षातील सर्वांत मोठा साठा लपवू नये. हप्त्यात वाचवलेले चार पैसे नुकसानीच्या दिवशी महागात पडतात. ब्रोकरची खरी परीक्षा दाव्याच्या वेळी होते. सर्वेक्षकापुढे साठा-नोंदवही आणि खरेदीची बिले नीट मांडून देणे हे त्याचेच काम आहे.

बँकेच्या कर्मचाऱ्यांनीही कर्जमंजुरीच्या वेळी दोन गोष्टी सांगाव्यात: विमा बँकेमार्फतच घेण्याची सक्ती नाही, आणि त्याची रक्कम मालाच्या किमतीइतकी असावी, कर्जाइतकी नव्हे. त्यामुळे शाखेचे थोडे कमिशन बुडेल. परंतु जळालेल्या मालाची निम्मीच भरपाई मिळालेला कर्जदार हप्ते फेडणार कोठून?

ब्रोकरने सेवेत कुचराई केली, तर त्याच्याविरुद्धची तक्रारही २०२१ पासून विमा लोकपालाकडे नेता येते. एकल मालकीचे व सूक्ष्म उद्योगही त्या कक्षेत येतात. म्हैसूरकरांसाठी हे कार्यालय बंगळुरूला असून तेथे तक्रारीला शुल्क पडत नाही.