वयाची खात्री कोणी करावयाची?

मद्यविक्रीच्या प्रत्येक ठिकाणी ग्राहकाच्या वयाची इलेक्ट्रॉनिक पडताळणी सक्तीची करावी, ही मागणी आता केवळ दारूबंदीच्या पुरस्कर्त्यांची राहिलेली नाही. १९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यातील कल्याणीनगरात एका भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा बळी घेतला. ती मोटार चालविल्याचा आरोप सतरा वर्षांच्या मुलावर आहे. आणि त्याला मद्य पुरविल्याच्या आरोपावरून मद्यगृहांच्या चालकांना अटक झाली. पुढे नोव्हेंबर २०२४ मध्ये विक्रीच्या जागी वयाची पडताळणी करण्यासाठी राष्ट्रीय धोरण हवे, अशी मागणी करणाऱ्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने केंद्र सरकारला नोटीस काढली. प्रश्न जिव्हाळ्याचा आहे. म्हणूनच तो भावनेच्या भरात सोडविता येणार नाही.

महाराष्ट्रात कायद्याची उणीव होती, असे कोणी म्हणू शकणार नाही. १९४९ च्या दारूबंदी कायद्याखाली आजही येथे मद्य बाळगण्यास व पिण्यास परवाना लागतो. सौम्य बिअर व वाइन यांसाठी २१ आणि तीव्र मद्यासाठी २५ वर्षे ही वयोमर्यादा आहे. शेजारच्या गोव्यात ती १८ आहे. कागदावर इतका कडक असलेला कायदा दुकानाच्या फळीपाशी मात्र मुका होतो. परवाना कोणी मागत नाही, वय कोणी विचारीत नाही, आणि विचारले तरी उत्तराची शहानिशा होत नाही. ‘दिसायला मोठा होता’ एवढी सबब विक्रेत्याला पुरते.

ही सबब नाहीशी करणे, हाच यंत्राचा खरा उपयोग होय. पडताळणी केली की नाही याची नोंद राहिली, तर जबाबदारी टाळता येणार नाही. या मर्यादेत आम्ही या सुधारणेचे स्वागत करतो. परंतु ‘पडताळणी’ या निरुपद्रवी शब्दाच्या आड काय काय येऊ शकते, याचा विचार आधी झाला पाहिजे. ग्राहकाचे नाव, पत्ता, आधार क्रमांक आणि त्याने कोणत्या दिवशी किती मद्य घेतले, एवढा तपशील दुकानदाराच्या हाती साठू लागला, तर तो उद्या विमा कंपनीच्या, मालकाच्या किंवा भुरट्या ठकसेनाच्या हाती जाणार नाही, याची हमी कोण देणार? सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरविला. २६ सप्टेंबर २०१८ च्या आधार निकालात खासगी संस्थांना आधारच्या वापराची सरसकट मुभा देणारी तरतूद त्याच न्यायालयाने रद्द केली. सज्ञान नागरिक मद्य घेतो, एवढ्यावरून तो या हक्काला मुकत नाही.

म्हणून यंत्राने एकाच प्रश्नाचे उत्तर द्यावे: वय पुरे आहे की नाही? ‘होय’ किंवा ‘नाही’ यापलीकडे त्याने काही विचारू नये आणि व्यक्तीविषयी काही साठवू नये. ज्याच्यापाशी स्मार्टफोन नाही, त्या कष्टकऱ्याला जन्मतारखेचे साधे ओळखपत्र दाखविण्याची सोय असलीच पाहिजे. वैध दुकानाची वाट अकारण अवघड केली, तर गिऱ्हाईक हातभट्टीकडे वळते; आणि हातभट्टीचे मोल काय असते, हे मुंबईने जून २०१५ मध्ये मालवणीत शंभराहून अधिक प्रेते मोजून पाहिले आहे.

शेवटी, यंत्र कितीही शहाणे असले तरी ते चालू ठेवावयाचे की बंद, हे माणूसच ठरवितो. तपासणीस येणारा अधिकारीच डोळेझाक करणार असेल, तर कुंपणच शेत खाऊ लागल्यासारखे होईल. अल्पवयीनाला मद्य विकणाऱ्याचा परवाना तर जावाच, पण वारंवार असा गुन्हा घडणाऱ्या भागातील अधिकाऱ्यालाही जाब विचारला जावा. त्याचबरोबर सरकारने स्वतःलाही एक प्रश्न विचारावा. अठराव्या वर्षी मत देणाऱ्या नागरिकाला पंचविशीपर्यंत व्हिस्की वर्ज्य ठेवणारा नियम अंमलात आणण्याची त्याची खरोखर तयारी आहे काय? तयारी असेल तर तो निर्धाराने राबवावा. नसेल तर जी मर्यादा आपण राबवू शकू अशी वाजवी मर्यादा ठरवून ती कसोशीने पाळावी. सर्वांनी मोडावयाचा म्हणूनच जो कायदा असतो, तो सतरा वर्षांच्या मुलालाही अडवू शकत नाही. पुण्यातील त्या दोन तरुण जिवांचे मोल सरकारला कळले असेल, तर त्याने यंत्रखरेदीच्या निविदा काढण्यापूर्वी या प्रश्नाचे उत्तर द्यावे.